डबी आणि दुर्बीण

मेहकरच्या आमच्या घरात फ्रिज देवघराच्या भिंतीला टेकून उभा आहे. घेतला बाबांनी, पण त्याचे नियम आत्याचे. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, ती परत आली, आणि तेव्हापासून घरातली पूजा, नैवेद्य, सोवळं सगळं तिच्याकडे आहे. वरच्या कप्प्यात बालाजीच्या नैवेद्याचं दूध आणि विरजण. मधे भाज्या. लसणाची चटणी अगदी खाली, झाकण घट्ट लावून, तीही बाबांना आवडते म्हणून. आंघोळीआधी कुणी दार उघडायचं नाही. महिन्याचे चार दिवस आईनं आणि मी त्याला हात लावायचा नाही. गार पाणी हवं असेल तर मागायचं आणि कुणीतरी वरून ओतलेलं ओंजळीनं प्यायचं. मी इंग्रजी माध्यमात शिकले, आता त्याच शाळेत लहान मुलांना शिकवते, आणि घरी येऊन ओंजळीनं पाणी पिते. यात काही विचित्र आहे असं मला बरीच वर्षं वाटलंच नव्हतं.

मामा गेला तेव्हा आई सत्तेचाळीस वर्षांची होती. डोणगावला मामाचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. वर्षभर त्याला शौचातून रक्त जात होतं आणि वर्षभर तो मूळव्याधीची औषधं घेत होता. संभाजीनगरला नेलं तेव्हा मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, सगळीकडे पसरलेला. शेवटच्या आठवड्यात तिथल्या सर्जननं आईला व्हरांड्यात बोलावून घेतलं. आईला डॉक्टरांशी एकटीनं बोलायची भीती वाटते, म्हणून मीही गेले.

ते म्हणाले, "तुम्ही सख्खी बहीण ना? मग तुम्ही दुर्बिणीची तपासणी करून घ्या. त्रास असो नसो. आतड्यात आधी बारीकसा कोंब येतो. तो कित्येक वर्षं नुसता बसून असतो, मग बिघडतो. बिघडायच्या आधी दिसला तर तिथल्या तिथे काढून टाकता येतो."

आईनं मान हलवली. ती सगळ्यांनाच मान हलवते.

मामाचं तेरावं झाल्यावर हा विषय घरी निघाला, जेवताना.

"दुर्बीण?" आत्या म्हणाली. "कुठून घालतात ते दुर्बीण?"

बाबा ताटातल्या भाताकडे पाहत राहिले. थोड्या वेळानं आत्याला उमगलं.

"अगं माय! अन् डॉक्टर बाप्या असंल. नाही बाई. आपल्या घरच्या सुनांनी असं नाही केलं कधी."

"मले कुठं काय होऊन राह्यलं?" आई म्हणाली. "उगंच काऊन करायचं?"

बाबा शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी घास संपवला आणि मला विचारलं, "दुसरी काही पद्धत असेल ना? तू पाहा मोबाईलवर. इंग्रजीत असेल सगळं."

घरातलं इंग्रजी वाचायचं काम माझं. विमा, गॅसचं पुस्तक, वॉशिंग मशीन, सगळं. चार दिवस मी शाळेच्या मधल्या सुट्टीत वाचत होते. दुसरी पद्धत होती. एका छोट्या डबीत शौचाचा नमुना द्यायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात असेल तर चाचणीत सापडतं. पोट साफ करायचं औषध नाही, गुंगी नाही, लाज जवळजवळ नाही. पण डबीला फक्त रक्त कळतं. कोंबातून त्या दिवशी रक्त आलं नसेल तर कोंब आहे हे तिला कळत नाही, म्हणून ती दर वर्षी द्यायची असते. दुर्बिणीला कोंबच दिसतो, आणि दिसला की त्याच वेळी निघतो. मात्र दुर्बिणीला बोलावलं तर पुष्कळ लोक जातच नाहीत, डबी मात्र देतात. त्यामुळे एखाद्या अख्ख्या देशाचा हिशोब मांडला तर डबी फारशी मागे पडत नाही. मी हे सगळं बाबांना सांगितलं आणि लेखही पाठवला. त्यांनी त्यातला एक परिच्छेद वाचला.

"हे बघ," मोबाईल माझ्यासमोर धरत ते म्हणाले. "इथंच लिहिलंय. डबी पण चालते."

"बाबा, ते ज्यांच्या घरात कुणाला झालेलं नाही त्यांच्यासाठी आहे. आईसाठी डॉक्टरांनी दुर्बीणच सांगितली आहे."

"डॉक्टर सांगणारच. मशीन आणून ठेवली न् त्यानं, ते काय पूजा करायले?"

सगळे हसले. आईही हसली. आमच्या घरात असं सगळे हसले की विषय संपलेला असतो.

डबी गावातल्या लॅबवाल्यानं मागवून दिली. डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीएवढी, हिरव्या झाकणाची. झाकणालाच एक काडी. नमुना दिल्यावर लगेच आणून द्या, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा, एवढंच तो म्हणाला. आईनं शुक्रवारी सकाळी नमुना दिला. बाबा डबी खिशात घालून निघाले आणि तसेच परत आले. लॅबचं शटर बंद होतं. दुसऱ्या दिवशी आखाजी, त्याला जोडून रविवार. लॅबवाला गावी गेला होता, आता सोमवारीच उघडणार होता.

आखाजीला, अक्षय तृतीयेला, आमच्याकडे पितरांना जेवू घालतात. आत्या स्वयंपाकघरात पाटावर बसून आंबे पिळत होती. रसाचं पातेलं भरलं की ते फ्रिजमध्ये जायचं होतं.

"फ्रिजमध्ये ठेवावी लागेल," मी म्हणाले.

"काय ठेवा लागंल?"

मी बाबांच्या खिशाकडे पाहिलं. आत्यानंही पाहिलं. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झालेले होते.

"तुह्या डोक्यात काही शिरलं का बाई? उद्या पितरांचं पान वाढायचं आहे. फ्रिजात रस आहे, बालाजीचं दूध आहे, अन् त्याच्यात तू गू ठेवतं?"

"बंद आहे ती, आत्या. तीन पिशव्यांत घालू. अगदी खालच्या कप्प्यात."

"पितर काय तुह्या पिशव्या मोजतीन?"

"गरमीत राहिली तर चाचणी चुकते."

"मग तुह्या इंग्रजी शाळेच्या फ्रिजात ठेव. तिथं चालत असंल सगळं."

आई न्हाणीघराच्या दारात उभी होती. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं होतं. ज्या वस्तूबद्दल हे सगळं चाललं होतं ती तिची होती, आणि तिचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता. "राहू द्या न् वन्सं," ती म्हणाली. "फेकून देते मी ते."

"अक्का, थांब," बाबा म्हणाले. "मी करतो बरोबर."

त्यांनी एक जुनं फडकं भिजवलं, पिळलं, डबीला गुंडाळलं आणि ते गाठोडं न्हाणीघराच्या खिडकीत टांगलं. मग माझ्याकडे वळून, वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाले, "माठातलं पाणी गार कसं होतं? बाष्पीभवन. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. शिकवलं का नाही तुम्हाला?"

शिकवलं होतं. ती खिडकी पश्चिमेला आहे हेही मला माहीत होतं. मेहकरच्या मे महिन्यात ओलं फडकं किती वेळ ओलं राहतं हे तर गावातल्या कुणालाही माहीत आहे. मी तीन दिवस जाता-येता फडकं भिजवत राहिले. दर वेळी ते पापडासारखं कडक झालेलं असायचं. पितरांची घागर मात्र घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, ओल्या वाळूवर ठेवली होती, तोंडावर आंबा ठेवून. शनिवारी पान वाढलं. आईनं वाकून नमस्कार केला. रस छान गार होता.

सोमवारी सकाळी मी बाबांना म्हणाले, दुसरी डबी मागवू, पुन्हा नमुना देऊ, या वेळी लगेच. बाबा आईकडे पाहू लागले.

"आता पुन्हा नाही," आई म्हणाली. "साऱ्या घराले ठाऊक झालं ते. मले लाज वाटते बेटा."

बाबांनी तीच डबी लॅबमध्ये नेऊन दिली. रिपोर्ट निगेटिव्ह आला. बाबांनी तो शब्द दोनदा मोठ्यानं वाचला. आत्यानं देवापुढे साखर ठेवली आणि पहिली चिमूट आईच्या हातावर दिली. तिला खरंच आनंद झाला होता. तिचं प्रेम खोटं असतं तर हे सगळं लिहायला सोपं गेलं असतं. बाबांनी रिपोर्टला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, तो कपाटात ठेवला, आणि तेव्हापासून आमच्या घरातला कुठलाही वाद तोच जिंकत गेला.

पुढच्या पावसाळ्यात आई पांढरी पडायला लागली. जिना चढताना थांबायची. आत्यानं तिला रोज बीट खाऊ घालायला सुरुवात केली, कधी कोशिंबीर, कधी किसून दह्यात. मग संडासात लाल दिसलं तर कारण तयारच होतं. मी एकदा विचारलं.

"बीट आहे ते," आई म्हणाली.

"काल बीट नव्हतं, आई."

"परवाचं असंल."

बसताना दुखायला लागल्यावर आत्या म्हणाली, मूळव्याध. मग ताकात शिजवलेला सुरण आला, रात्री इसबगोल आलं, वाडग्यात त्रिफळा आला. मी बाबांना दुर्बिणीचं म्हटलं की ते कपाटाकडे बोट दाखवायचे. "डबी दर वर्षी द्यायची असते," मी म्हणाले. तर म्हणाले, "देऊ की. बोर्डाचे पेपर तपासून होऊ दे." पेपर झाले. मग आखाजी आली. मग कुणाचं तरी लग्न.

आईचं पोट फुगलं आणि उलट्या थांबेनात तेव्हा तिला संभाजीनगरला नेलं. तोच दवाखाना, तेच सर्जन. गाठीनं आतडं बंद झालं होतं आणि यकृतावर डाग होते. ऑपरेशन करून त्यांनी शौचासाठी पोटावर वाट काढली आणि तिथे पिशवी लावली. मामाची आठवण त्यांना होती.

"भाऊ गेल्यावर तपासणी सांगितली होती मी. केली नाही?"

"केली ना सर," बाबा म्हणाले, आणि त्यांनी हातातल्या कापडी पिशवीतून तो कव्हरमधला रिपोर्ट काढला. इतक्या घाईत निघालो होतो, आईच्या चपला घरीच राहिल्या होत्या, पण रिपोर्ट बरोबर होता.

सर्जननं तो पाहिला. तारीख पाहिली. "मे महिना. नमुना कुठं ठेवला होता? उकाड्यात राहिला तर त्यातलं रक्त टिकत नाही. असलेलंही सापडत नाही."

"व्यवस्थित ठेवला होता," बाबा म्हणाले.

मी फरशीकडे पाहत होते. बाबांचा पाय चपलेत हलत होता.

"तरी पण," रिपोर्ट परत देत सर्जन म्हणाले, "नीट ठेवला असता तरी यांच्यासाठी ही तपासणी पुरेशी नव्हतीच. रक्त नसेल तर नाहीच कळत. पाहायलाच हवं होतं आतून." मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? तेव्हा आईनंच, डोळे न उघडता, सांगितलं की तिचे वडीलही पोटाच्या दुखण्यानंच गेले. कसलं दुखणं, ते कुणी विचारलं नव्हतं. सर्जन माझ्याकडे वळले. माझं वय विचारलं. सव्वीस म्हटल्यावर म्हणाले, दोन पिढ्यांत तिघं झाले, आता थांबायचं नाही, तुझी दुर्बीण या वर्षीच.

म्हणजे सगळं खापर त्या ओल्या फडक्यावर फोडायची सोयसुद्धा राहिली नाही. मला ते एक कारण हवं होतं. एक खिडकी, एक फडकं, एक फ्रिज. पण ती डबी फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, बालाजीच्या दुधाशेजारी ठेवली असती तरी कदाचित निगेटिव्हच आली असती. मी वाचलेल्या कुठल्याही तुलनेत आमचं घर बसत नव्हतं. तिकडे डबी देणारे आणि दुर्बीण करणारे असे दोन गट होते. आमच्याकडे डबी दिली होती ती दुर्बीण टाळायला.

आई घरी आली. पिशवी लावलेल्या बाईनं देवघरात जायचं की नाही यावर आत्यानं फार विचार केला आणि मग स्वतःच ठरवलं की उंबऱ्याबाहेरून नमस्कार करायला हरकत नाही. स्वयंपाकघरात आई येऊ शकते, पण फ्रिजला हात नको. आई पन्नाशीला आली होती, तिचे ते चार दिवस कधीच थांबले होते. आता महिनाभर चार दिवस.

केमो सुरू झाल्यावर पांढऱ्या पेशी वाढवायचं एक इंजेक्शन आणून ठेवावं लागायचं. ते थंडच राहिलं पाहिजे. पहिल्यांदा मी ते थर्मासमधून घेऊन आले आणि दारातच उभी राहिले. आत्यानं एक स्टीलचा डबा घासून, पुसून आणला, इंजेक्शन त्यात ठेवलं आणि डबा फ्रिजच्या वरच्या कप्प्यात सरकवला. दुधाशेजारी.

"चालतं?" मी विचारलं.

"औषध आहे न् ते," ती म्हणाली.

माझ्या तपासणीचा विषय मीच काढला. मला स्वतःबद्दल बोलायला जमत नाही, म्हणून वाक्य आधी मनात तयार केलं होतं. तेव्हा एका स्थळाची बोलणी चालू होती, मुलगा बँकेत होता.

"आत्ताच कायले?" आत्या म्हणाली. "पाहायले येऊन राह्यले लोक. मेहकरात काही लपून राहते का? म्हणतीन पोरीले बी तेच आहे."

"मग डबीवाली करू," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आत्याकडे पाहिलं. "या वेळी फ्रिजमध्ये ठेवू. काय अक्का?"

"ठेवा," आत्या म्हणाली. "खालच्या कप्प्यात ठेवा. मी काही नाही म्हणणार."

तिच्या मानानं ती फार मोठी गोष्ट होती. बाबांचा चेहरा उजळला. एवढं सगळं होऊन शेवटी आमच्या घरानं डबीला फ्रिजमध्ये जागा दिली होती.

आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती झोपली आहे असंच आम्हाला वाटलं होतं.

"तिची दुर्बीणच होईन," ती म्हणाली.

"अगं, पण—" बाबा म्हणाले.

"मी जाते तिच्यासंग. तुम्ही पेपर तपासा."

त्या घरात आईनं कुणाचं बोलणं अर्ध्यात तोडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. कुणी हसलं नाही.

दोन केमोच्या मधल्या बऱ्या आठवड्यात आम्ही संभाजीनगरला त्याच दवाखान्यात गेलो, जालन्यावरून एसटीनं. आईनं पिशवीवरून पदर दोनदा खोचून घेतला होता. तिथे गेल्यावर कळलं की माझी दुर्बीण करणारी डॉक्टर बाई आहे. आई तिच्याकडे पाहतच राहिली.

"तुम्ही कधीपासून आहे इथं?"

"झाली की बरीच वर्षं. का हो?"

"माह्या भावाले आणलं होतं इथं. तेव्हा होत्या?"

"होते ना."

बाप्या असंल, एवढंच आमच्या घरात बोललं गेलं होतं. खरंच कोण आहे, ते कुणी विचारलं नव्हतं.

गुंगीतून मी जागी झाले तेव्हा डॉक्टर आईला एक रंगीत फोटो दाखवत होत्या. गुलाबी भिंतीवर तुरीच्या दाण्याएवढा एक कोंब. "हा होता. काढून टाकला. तपासायला पाठवलाय, पण दिसायला साधा आहे. आता ठरावीक काळानं येत राहायचं, विसरायचं नाही. आज काळजी करू नका."

आईनं फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "एवढुसाच होता?"

"एवढाच."

"किती वेळ लागला काढायले?"

"काही मिनिटं."

"माहा बी एवढाच असंल का तेव्हा? माहा भाऊ गेला तेव्हा?"

डॉक्टरांनी हातातले मोजे काढले. "तेव्हा पाहिलं असतं तर सांगता आलं असतं," त्या हळूच म्हणाल्या.

आईनं फोटोची घडी घातली नाही. सरळ धरून, जपून, माझ्या फाइलमध्ये ठेवला. परतताना बसमध्ये बाबांचा फोन आला. निगेटिव्ह ना, त्यांनी विचारलं. आईनं फोन माझ्याकडे दिला आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. मी सांगितलं, कोंब होता, काढला. बाबा म्हणाले, बरं झालं, आणि स्टँडवर घ्यायला येतो म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं, तरी भिंती तापलेल्याच होत्या. आत्या दारात दोन पेले घेऊन उभी होती. पेल्यांवर बाहेरून दव धरलेलं होतं.

"घ्या," ती म्हणाली. "ताक आहे. फ्रिजातलं आहे, गार आहे."

आईनं दोन्ही हातांनी पेला घेतला आणि तिथेच उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं प्यायली. आत्यानं दुसरा पेला माझ्यापुढे धरला. मी तो घेतला, पण त्या फ्रिजातलं गार प्यावंसं वाटेना; तशीच हातात धरून उभी राहिले, ताक कोमट होईपर्यंत.